आखेनमधला विद्यार्थ्याचा आठवडा: सोमवार ते रविवार, ऐन नोव्हेंबरात

जर्मनीच्या पश्चिम टोकाला, नेदरलँड्स आणि बेल्जियमच्या हद्दीला खेटून आखेन आहे. १८७० साली सुरू झालेल्या इथल्या तंत्र-विद्यापीठात, म्हणजे आरडब्ल्यूटीएचमध्ये, आज चाळीस हजारांहून जास्त विद्यार्थी शिकतात आणि मास्टर्सला येणाऱ्यांत भारतीय मुलंमुली भरपूर असतात. ऑक्टोबरातल्या धावपळीची माहिती सगळीकडे मिळते: पत्त्याची नोंदणी, बँक, विमा, सिमकार्ड. सत्र खरं बिघडतं ते नोव्हेंबरात. तोवर सगळं बसलेलं असतं, कुणी काही विचारत नाही आणि नेमक्या त्याच दिवसांत मुदती गुपचूप निघून जातात. म्हणून हा आठवडा नोव्हेंबरच्या मध्यावरचा.

सोमवार

उजाडायला पावणेआठ होतात आणि पहिलं लेक्चर साडेआठला. आखेनच्या वेळापत्रकात दीड-दीड तासाचे तुकडे असतात: ८.३०, १०.३०, १२.३०, २.३०, ४.३०. मधला अर्धा तास चहासाठी दिलाय असं वाटतं, पण तो चालण्यासाठी असतो. विद्यापीठाला कुंपण किंवा फाटक नाही. ते गावभर पसरलेलं आहे. टेम्पलरग्राबेन रस्त्यावरचं मुख्य ठाणं, हॉर्नचा भाग आणि पार पश्चिमेला मेलाटन. मध्यातून मेलाटनला बसनेच जावं लागतं, आणि लेक्चर सुटताना बसथांब्यावर एवढी गर्दी होते की पहिली बस भरून निघून जाते. लागोपाठची दोन लेक्चर्स दोन टोकांना असतील, तर पहिल्यात दाराजवळची जागा धरावी. जर्मनीतल्या इतर बऱ्याच विद्यापीठांत वेगळी रीत आहे. तिथे वेळेपुढे ‘सी.टी.’ लिहिलेलं असलं तर लेक्चर पंधरा मिनिटांनी सुरू होतं, ‘एस.टी.’ असलं तर ठोक वेळेवर. परीक्षेच्या पत्रकावर ‘एस.टी.’ असताना पंधरा मिनिटांची सूट गृहीत धरणारे दरवर्षी निघतात.

हजेरी नाही. प्रयोगशाळा आणि काही सेमिनार सोडले तर लेक्चरला कोण आलं नि कोण नाही, याच्याशी प्राध्यापकांना देणंघेणं नसतं. तास संपला की मुलं बाकावर बोटांच्या पेरांनी ठकठक करतात. टाळ्यांच्या जागी हीच पद्धत. लेक्चरसोबत ‘यूबुंग’ असतं, म्हणजे गणितं सोडवण्याचा तास. वेळ कमी पडला तर लेक्चर बुडवून यूबुंगला जाणं परवडतं, उलटं नाही. पेपरातले प्रश्न यूबुंगच्या वळणाचे असतात, आणि लेक्चरच्या स्लाइड्स मूडल या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मिळतात. यूबुंगमध्ये फळ्यावर केलेलं मात्र बऱ्याचदा मिळत नाही.

सोमवारीच एक काम उरकावं: परीक्षेची नोंदणी. विषयासाठी नाव घातलं म्हणजे परीक्षेला नाव गेलं, असं इथे होत नाही. दोन्ही नोंदण्या आरडब्ल्यूटीएच-ऑनलाइनवर, पण वेगवेगळ्या पानांवर. परीक्षेची मुदत सत्राच्या मध्यातच संपते, पेपर मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये असतो. मुदत चुकली तर अख्खं सत्र लेक्चरं ऐकूनही पेपरला बसता येत नाही आणि विनवण्यांचा उपयोग नसतो. नोंदणी झाली की त्या पानाचा पीडीएफ तारखेसकट जपून ठेवावा. तयारी नसेल तर पेपरच्या काही दिवस आधीपर्यंत नाव काढता येतं. न काढता गैरहजर राहिलं की ५.० पडतात, म्हणजे नापास. उतरंड भारताच्या उलट आहे: १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास. लेखी परीक्षेला एकूण तीन संधी मिळतात. तिन्ही गेल्या की तो अभ्यासक्रम संपतो आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडेही पुढे चालवता येत नाही. म्हणून पहिल्या सत्रात सहा-सहा पेपर लावण्यात शहाणपण नाही. सत्राला ३० क्रेडिट हा कागदावरचा हिशेब. एका क्रेडिटमागे तीस तास काम धरलं तर ते ९०० तास होतात. चार पेपर नीट दिलेले बरे.

मंगळवार

दुपारचं जेवण मेन्झात, म्हणजे विद्यार्थ्यांच्या खानावळीत. पोंटस्ट्रासेवर खाण्याची दुकानं ओळीने आहेत, पण रोज तिथे जेवलं तर महिन्याचा हिशेब कोलमडतो. मेन्झात विद्यार्थी, कर्मचारी आणि पाहुणे यांचे दर वेगळे असतात. ओळखपत्र विसरलं की पाहुण्याचा दर लागतो. बारा ते एक ही वेळ टाळावी, साडेअकराला किंवा दीडनंतर जावं.

शाकाहारींनी पाटीवरचं ‘वेगेटारिश’ वाचून थांबू नये. त्यात अंडं चालतं, आणि चीजमधलं दूध वासराच्या जठरातल्या रेनेटने साखळवलेलं असू शकतं. ‘वेगान’, म्हणजे प्राण्यांपासूनचं काहीच नाही, असं लिहिलेलं असेल तर काळजी नाही. जेलीसारखं गोड आणि काही पुडिंगांत जिलेटिन असतं, ते बहुधा डुकराचं. पदार्थाखालची बारीक अक्षरं नि आकडे म्हणजे ॲलर्जीकारक घटक आणि मिसळलेली रसायनं. त्यांचा तक्ता भिंतीवर किंवा मेन्झाच्या ॲपवर सापडतो.

बुधवार

दुपारनंतर लेक्चर नसेल तो दिवस बहुतेकांच्या कामाचा. पहिल्या सत्रात सगळ्यात सोयीची नोकरी म्हणजे ‘हीवी’: विद्यापीठाच्याच एखाद्या संस्थेत सहायक. प्रयोगाची मांडणी, मोजमापं, कोड तपासणं असलं काम. जाहिराती संस्थांच्या संकेतस्थळांवर असतात, पण बऱ्याच जागा जाहिरातीपर्यंत पोचतच नाहीत. यूबुंग घेणाऱ्या सहायकाला ईमेल करावा: चार ओळी, सोबत एक पानी बायोडाटा आणि गुणपत्रक. लांबलचक, कौतुकाने ओथंबलेला ईमेल उघडला जातो नि तसाच राहतो.

नियम दोन आहेत आणि लोक ते एकमेकांत मिसळतात. राहण्याच्या परवान्याचा नियम: युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं (मार्च २०२४ पासून, आधी १२० आणि २४० होते). चार तासांपर्यंतचं काम म्हणजे अर्धा दिवस. विद्यापीठातलं हीवीचं काम या मोजणीत धरत नाहीत. दुसरा नियम विम्याचा: लेक्चरं चालू असताना आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम झालं तर विद्यार्थी म्हणून मिळणारी विम्याची सवलत जाऊ शकते. इथे हीवीचे तासही धरतात. म्हणजे हीवीचे दहा तास आणि कॅफेतले बारा तास मिळून घोळ होतो, जरी प्रत्येक मालकाच्या लेखी सगळं ठीक असलं तरी. दोन्ही मालकांना एकमेकांबद्दल लेखी कळवलेलं असावं.

२०२६ मध्ये किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे आणि मिनीजॉबची, म्हणजे ठरावीक कमाईपर्यंतच्या छोट्या नोकरीची, मर्यादा महिन्याला ६०३ युरो. पहिल्या पगारासाठी कर-क्रमांक लागतो. तो पत्ता नोंदवल्यावर पोस्टाने आपोआप येतो. नाही आला तर मालक सर्वात चढ्या दराने कर कापतो. पुढे तो परत मागता येतो, पण पैसे तोवर अडकतात.

कमाईवर महिना चालवायचा बेत मात्र करू नये. व्हिसासाठी आधीच भरून ठेवायच्या ब्लॉक्ड खात्याची रक्कम सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो सुटतात. खोली, विमा आणि खाणं यांत त्यातले बरेच जातात. सत्राची फी भरायच्या महिन्यात ओढाताण होते, म्हणून ती आधीच्या महिन्यांत थोडी थोडी बाजूला काढावी. या फीतच प्रवासाचं तिकीट येतं. जर्मनीभरच्या महिन्याच्या तिकिटाच्या साठ टक्के किमतीत ते विद्यार्थ्याला पडतं. बस, ट्राम आणि प्रादेशिक गाड्यांत चालतं, आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांत चालत नाही. कोलोनला जायला आरई-१ ही प्रादेशिक गाडी आहे, साधारण तासाभराचा प्रवास. उशीर धरून निघावं.

गुरुवार

गुरुवार घरासाठी. आधी टपालपेटी. जर्मनी अजून कागदावर चालते: विमा, बँकेचा पिन, कर-क्रमांक, परदेशी नागरिक कार्यालय, सगळं पोस्टाने. पेटीवर आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, आणि पाठवणारा समजतो की पत्ता खोटा आहे. भाड्याच्या खोलीत आलेल्याने पहिल्या दिवशीच चिकटपट्टीवर नाव लिहून लावावं. पासपोर्टवर आहे तसंच, कारण अर्धवट नावाची पत्रंही फिरतात. पिवळ्या पाकिटाला हलकं समजू नये. पोस्टमनने त्यावर हाताने लिहिलेली तारीख म्हणजे पत्र मिळाल्याची कायदेशीर तारीख, आणि उत्तराची मुदत तिथून मोजतात, पाकीट उघडल्यापासून नाही. रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचं पत्रही हमखास येतं: १८.३६ युरो महिना, दर घरामागे एक. वेगेत, म्हणजे वाटून घेतलेल्या फ्लॅटमध्ये, एकाने भरून बाकीच्यांनी त्याचा क्रमांक कळवायचा. वसतिगृहात सार्वजनिक बोळात उघडणारी प्रत्येक खोली मात्र स्वतंत्र घर धरतात. टीव्ही नाही म्हणून सुटका नाही.

मग हीटर आणि बुरशी. यावर जरा सविस्तर लिहायला हवं, कारण खोली सोडताना डिपॉझिट इथेच कापलं जातं. रेडिएटरच्या खुंटीवर १ ते ५ आकडे असतात. ते वेग दाखवत नाहीत, खोलीचं तापमान दाखवतात: ३ म्हणजे सुमारे २० अंश, पुढचा प्रत्येक आकडा साधारण चार अंशांचा. ५ वर फिरवल्याने खोली लवकर तापत नाही, फक्त गरजेपेक्षा जास्त तापते आणि बिल वाढतं. आपल्या स्वयंपाकात वाफ फार: भात, वरण, चहा, वर खोलीत वाळत घातलेले कपडे. ही दमट हवा थंड भिंतीला लागली की तिथे पाणी धरतं, विशेषतः बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात आणि कपाटामागे. दोन-तीन आठवड्यांत काळे ठिपके दिसू लागतात.

उपाय एकच. दिवसातून तीन-चार वेळा खिडकी सताड उघडायची, पाच ते दहा मिनिटं, आणि तेवढा वेळ हीटर बंद. हीटर चालू ठेवला तर खुंटीला थंडी लागते आणि ती व्हॉल्व्ह पूर्ण उघडते. खिडकी वरून तिरकी करून तासन्‌तास ठेवणं सगळ्यात वाईट, कारण हवा फारशी बदलत नाही, पण भिंत गार होते आणि बुरशीला तेच हवं असतं. कपाट बाहेरच्या भिंतीपासून पाच-दहा सेंटिमीटर पुढे ओढावं. दहा-बारा युरोचं आर्द्रतामापक ठेवलं तर अंदाज चुकत नाही: ४० ते ६० टक्के ठीक, त्यावर बराच वेळ राहिलं तर खिडकी.

फोडणीचं वेगळंच. प्रत्येक खोलीत धूर ओळखणारी चकती असते. तेल धुरावण्याइतकं तापवायचं नाही, मोहरी तडतडायला तेवढं लागतही नाही. आधी पंखा आणि खिडकी, मग तेल, आणि स्वयंपाकघराचं दार बंद. बोळातल्या चकतीपर्यंत धूर गेला तर अख्खा मजला बाहेर येऊन उभा राहतो. काही वसतिगृहांत अलार्म थेट अग्निशमन दलाशी जोडलेला असतो आणि नाहक फेरीचा खर्च लावला जाऊ शकतो.

भारतातून आणलेल्या कुकरचं शेगडीवर अवलंबून. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर तापणारच नाही; तळाला चुंबक चिकटतो का, एवढं निघण्याआधी पाहून घ्यावं. काचेच्या साध्या शेगडीवर चालतो, पण शेगडी बंद केल्यावरही ती बराच वेळ गरम राहते. एक शिट्टी बाकी असतानाच बंद करावी, नाहीतर वरण तळाला लागतं. मोठा तीन पिनांचा भारतीय प्लग इथल्या भोकात बसत नाही. बारीक दोन पिनांचा बसतो. व्होल्टेज तेच, २३०.

शुक्रवार

सरकारी आणि विद्यापीठाच्या कचेऱ्या शुक्रवारी दुपारपर्यंतच. जे काम असेल ते सकाळी, आणि भेटीची वेळ आधी घेतलेली असेल तरच.

परवाना वाढवायचा असेल तर पत्रांची वाट पाहू नये. मुदत संपतेय असं कोणी कळवत नाही. आखेनच्या कार्यालयात गर्दी असते, म्हणून दोन-तीन महिने आधी अर्ज टाकावा. लागणारे कागद: पासपोर्ट, चालू सत्राचं प्रवेशपत्र, गुणपत्रक, विम्याचा दाखला, पैशांचा पुरावा, भाड्याचा करार. फोटो मे २०२५ पासून डिजिटलच चालतो, कागदी नाही. तीन महिन्यांपेक्षा जास्त वाढीला ९३ युरो, पहिल्यांदा परवाना काढताना १०० युरो.

अर्ज जुना परवाना संपण्याच्या आत पोचला, हाच काय तो कळीचा मुद्दा. एक दिवस उशीर झाला तरी मधला काळ बेकायदा ठरू शकतो. वेळेत पोचला तर तात्पुरता दाखला मागता येतो. त्यावर कुठल्या चौकोनात फुली आहे ते नीट वाचावं. निवास कायद्याच्या कलम ८१ चा चौथा परिच्छेद असेल तर जुना परवाना चालू धरला जातो. काम करता येतं, भारतात जाऊन परतही येता येतं. तिसरा परिच्छेद असेल तर राहता येतं, पण बाहेर पडून त्या दाखल्यावर परत येता येत नाही. डिसेंबरचं विमान-तिकीट काढायच्या आधी ही फुली पाहावी, नंतर नाही.

संध्याकाळ मोकळी. रात्री दहानंतर सकाळी सहापर्यंत शांततेची वेळ. पार्टी असेल तर शेजाऱ्यांना आधी चिठ्ठी लावायची रीत आहे आणि ती पाळली की बहुधा कोणी काही बोलत नाही.

शनिवार

रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारी सुपरमार्केटात जत्रा. दुपारी चार ते सातची वेळ टाळावी. रविवारला लागून १ नोव्हेंबरसारखी सुटी आली तर सलग दोन दिवस बंद पडतात. या राज्यात तो दिवस सार्वजनिक सुटीचा असतो, सगळ्या राज्यांत नाही.

आधी रिकाम्या बाटल्या परत देऊन त्यांची अनामत घ्यायची. एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटल्या नि डबे २५ सेंट, बिअरची साधी काचेची बाटली ८ सेंट, परत भरायच्या बहुतेक बाकी बाटल्या १५ सेंट. बाटली चेपू नये आणि लेबल फाडू नये. यंत्र बारकोड वाचतं, चेपलेली बाहेर ढकलतं. मिळालेली पावती त्याच दुकानाच्या काउंटरवर वटवायची. जॅमच्या आणि वाइनच्या बाटल्यांचे पैसे मिळत नाहीत. त्या रस्त्यावरच्या काचेच्या टाक्यांत रंगानुसार टाकायच्या, तेही रविवारी नाही. आवाज होतो.

पिठाबद्दल नवख्यांची हमखास फसगत होते. स्वस्त पांढऱ्या पिशवीवर ‘टाइप ४०५’ लिहिलेलं असतं. हा आकडा म्हणजे शंभर ग्रॅम पीठ जाळल्यावर उरणारी राख, मिलिग्रॅममध्ये. आकडा लहान तितका कोंडा कमी, म्हणजे ४०५ हा जवळपास मैदाच. पोळ्या होतात, पण चिवट आणि गार झाल्यावर पापडासारख्या. १०५० बरं. ‘फोलकोर्न’ म्हणजे अख्ख्या गव्हाचं, पण त्याचं दळण भरड असतं, पोळी काठाला फाटते. १०५० आणि फोलकोर्न निम्मं-निम्मं, कोमट पाण्यात सैलसर भिजवून अर्धा तास झाकून ठेवलं की काम भागतं. रोज पोळ्या करणाऱ्याने सरळ भारतीय दुकानातून दहा किलोचं आटा-पोतं आणावं, तूरडाळ आणि पोहे तिथेच मिळतात. मसूर मात्र कुठल्याही सुपरमार्केटात ‘रोटे लिन्सेन’ म्हणून असते, आणि हरभरे-छोलेही.

श्रीखंडाला चक्का बांधायची गरज नाही. ‘क्वार्क’चा पाव किंवा अर्धा किलोचा डबा घ्यावा, ‘४० टक्के’ लिहिलेला. ते चाळीस टक्के सुक्या भागातल्या स्निग्धतेचे आहेत, एकूण डब्याचे नव्हेत, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. कमी स्निग्धतेचं क्वार्क रवाळ आणि आंबट लागतं. ५०० ग्रॅमला साधारण २०० ग्रॅम पिठीसाखर घालून फेटावं, वेलदोडा, आणि तासभर फ्रीजमध्ये. पाणी सुटलं तर आधी गाळणीत तासभर ठेवायला हवं होतं, असं समजावं.

कपडे धुवायला वसतिगृहाच्या तळघरातलं यंत्र, पाळी ॲपवर किंवा वहीत. वेळ संपल्यावर दहा मिनिटांत काढले नाहीत तर पुढचा माणूस ओले कपडे टेबलावर काढून ठेवतो, आणि त्यात त्याची चूक धरत नाहीत.

रविवार

सकाळी ड्रिल, व्हॅक्यूम, धुणं काही नाही, दिवसभर शांतता. दूध संपलं तर मुख्य रेल्वे स्टेशनातलं दुकान उघडं असतं, महाग.

घरी बोलायचं गणित सोपं आहे. हिवाळ्यात भारत साडेचार तास पुढे, मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेतीन. संध्याकाळी साडेपाचनंतर फोन केला तर घरी झोपायची वेळ. इथे पावणेपाचला अंधार पडतो, म्हणून बाहेर पडायचं ते दुपारच्या आधी.

डोमला, म्हणजे इथल्या कॅथेड्रलला, जाता येतं: सम्राट शार्लमेनने आठव्या शतकाच्या अखेरीस उभारलेला अष्टकोनी गाभा, ८१४ साली शार्लमेनला इथेच पुरलं, आणि ९३६ ते १५३१ पर्यंत जर्मन राजांचे राज्याभिषेक इथे झाले. १९७८ च्या जागतिक वारशाच्या पहिल्याच यादीत हे नाव आहे. रविवारी सकाळी प्रार्थना असते, पाहायला दुपारी जावं. सिंहासन मार्गदर्शकासोबतच दिसतं.

पाय मोकळे करायचे असतील तर तीन देशांचा बिंदू. फाल्स गावाजवळच्या टेकडीवर, सुमारे ३२२ मीटरवर, जर्मनी, नेदरलँड्स आणि बेल्जियम मिळतात. १८१६ ते १९२० या काळात इथे चौथाही होता: न्यूट्रल मोरेस्नेट, जस्ताच्या खाणीवरून भांडण मिटेना म्हणून कोणाचाच न ठेवलेला तुकडा. वाट जंगलातून जाते, नोव्हेंबरात चिखल आणि ओली पानं, साधे बूट घसरतात. पासपोर्ट आणि परवान्याचं कार्ड दोन्ही बरोबर हवीत. खांबाभोवती फिरताना कोणी विचारत नाही, पण सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने सगळ्या भू-सीमांवर तपासणी सुरू केली आहे आणि परतीच्या बसमध्ये पोलीस चढू शकतात. फोनने बेल्जियमचं नेटवर्क पकडलं तरी युरोपीय संघात रोमिंगचा जादा आकार नाही.

परतल्यावर अंगात कणकण असेल तर औषधांचं आधी पाहून ठेवलेलं बरं. पॅरासिटामोलही फक्त आपोथेकेत, म्हणजे औषधांच्या दुकानात, मिळतं, चिठ्ठीशिवाय ५०० मिलिग्रॅमच्या वीस गोळ्यांपर्यंतच. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय नाहीच. रविवारी पाळीचं आपोथेके चालू असतं, त्याचा पत्ता प्रत्येक बंद आपोथेकेच्या दारावर लावलेला असतो. रात्री खिडकीतून औषध देतात आणि २.५० युरो जादा घेतात. डॉक्टरसाठी ११६११७, जिवावरचं असेल तर ११२. सोमवारी परीक्षा असेल तर गोळी घेऊन झोपण्याआधी डॉक्टरचा दाखला कसा मिळवायचा ते ठरवावं. पेपरच्या दिवसानंतर डॉक्टरकडे जाऊन काढलेला दाखला सहसा चालत नाही.